थोडेच खेळ, पण पुन्हा पुन्हा: तीन ते पाच वर्षांच्या मुलांसोबत घरी

लहान मुलांसोबत घरी करायच्या खेळांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. रोज एक नवा खेळ, महिनाभर पुरतील असे तीस खेळ. वाचून उत्साह येतो, सामान जमतं, मोठी माणसं अर्धा तास कापाकापी आणि चिकटवाचिकटवी करतात आणि मूल पाच मिनिटांत उठून जातं. यात मुलाचं काही चुकत नाही. नव्या खेळात सामान नवं, नियम नवे, ते समजून घेण्यातच त्याचा पहिला दिवस जातो. हात बसायला लागतो तोवर आपण दुसऱ्या दिवशी भलतंच काही समोर मांडलेलं असतं.

म्हणून इथे मोजकेच खेळ आहेत, पण प्रत्येक खेळ दोन-तीन महिने सहज पुरेल. खेळ तोच ठेवायचा आणि एका वेळी त्यातली एकच गोष्ट बदलायची: भांडं बदला, किंवा वस्तू बदला, किंवा नियम बदला. तिन्ही एकदम बदललं तर मूल कुठे अडलं ते कळत नाही. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. मूल रमलेलं असेल तर अर्थातच उठवायचं नाही.

ओतणं

सगळ्यात कमी सामानाचा आणि सगळ्यात कमी लेखला जाणारा खेळ हा. इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपली पहिली बालशाळा उघडली. त्यांच्या पद्धतीत ओतणं, पुसणं, घड्या घालणं या रोजच्या कामांना अक्षर-आकड्यांइतकाच मान आहे, आणि तो योग्यच आहे. ओतताना मनगट वळवायचं, डोळे भांड्याच्या काठावर ठेवायचे आणि नेमक्या क्षणी थांबायचं असतं. पुढे पेन्सिल धरताना हेच सगळं लागतं.

सामान: कडा असलेला एक ट्रे, तोटी असलेले दोन छोटे जग (प्रत्येकी २०० ते २५० मिलिलिटर) आणि एक स्पंज. पहिले काही दिवस पाणी नको, कोरडे तांदूळ घ्या. ते हळू पडतात, त्यांचा आवाज येतो आणि सांडले तर एकेक उचलता येतात. जग अर्धाच भरायचा. आधी तुम्ही एकदा करून दाखवा, सावकाश आणि न बोलता. दाखवताना सतत बोलत राहिलं की मूल हाताकडे न बघता तोंडाकडे बघतं.

सांडण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. जग काठोकाठ भरलेला असतो, त्याला तोटी नसते, किंवा टेबल मुलाच्या छातीपर्यंत येतं आणि कोपर हवेत राहतं. टेबल साधारण मुलाच्या कमरेपाशी यायला हवं. तसं नसेल तर सरळ जमिनीवर ट्रे ठेवा. चार-पाच दिवसांनी पाणी आणा. मग एका जगाच्या जागी दोन सारखे पारदर्शक ग्लास ठेवा आणि तळापासून ३ सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावा: ‘इथपर्यंत’. रेषेपाशी थांबणं हे ओतण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

सांडलं की स्पंज मुलाच्या हातात द्यायचा. पुसणं हा खेळाचाच भाग आहे, शिक्षा नाही. आपल्या आवाजातून तसं जाणवलं पाहिजे. स्पंज बशीत पिळायला लावा, बोटांना चांगली ताकद येते.

नंतर कधीतरी दोन ग्लासांतलं सारखं पाणी घेऊन त्यातलं एक उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, ‘आता जास्त कशात आहे?’ चार वर्षांचं मूल बहुधा उंच ग्लासाकडे बोट दाखवेल. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या प्रयोगांमुळे ही गोष्ट प्रसिद्ध झाली. आकार बदलला तरी पाणी तेवढंच राहतं, ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास पक्की होते. त्यामुळे चूक सुधारायला जाऊ नका. ‘बरं, परत ओतून बघू’ एवढंच म्हणा आणि पाणी पहिल्या ग्लासात परत ओतू द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

पाण्याच्या खेळात एक नियम कडक हवा: मूल पाण्यापाशी असताना मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही. अगदी थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. खेळ संपला की टब, बादली लगेच रिकामी करायची.

मळलेला गोळा

विकतची क्ले चालते, पण घरी शिजवलेला गोळा जास्त मऊ होतो आणि मोठा करता येतो. प्रमाण असं: १ कप मैदा, अर्धा कप मीठ, १ कप पाणी, १ मोठा चमचा तेल आणि २ चहाचे चमचे क्रीम ऑफ टार्टार (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड). ते नसेल तर २ मोठे चमचे लिंबाचा रस. आंबट पदार्थामुळे गोळा लवचीक होतो आणि मिठामुळे टिकतो.

आधी गरम पाण्यात मीठ पूर्ण विरघळवा, त्यातच रंग आणि तेल घाला. मग मैदा आणि क्रीम ऑफ टार्टार घालून गुठळ्या मोडा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. चार-पाच मिनिटांत मिश्रण पातेल्याच्या कडा सोडून चमच्याभोवती गोळा होतं. ताटात काढा, कोमट झालं की मळा. मुलाच्या हातात देण्याआधी गोळा मधोमध मोडून पाहा, कारण बाहेरून गार झालेला गोळा आतून बराच वेळ गरम असतो.

हाताला चिकटत असेल तर कच्चा राहिलाय. परत मिनिटभर आचेवर ठेवा. वर मैदा घालत बसलं तर तो तासाभरात घट्ट होतो. भेगा पडत असतील तर जास्त शिजलाय. हात ओले करून मळा. खरखर लागत असेल तर मीठ विरघळलेलं नाही, आणि त्याला नंतर इलाज नाही. हात रंगत असतील तर रंग शेवटी घातला गेला असणार. घट्ट झाकणाच्या डब्यात गोळा काही आठवडे राहतो. वास आला किंवा बुरशीचा ठिपका दिसला की सगळाच टाकायचा. गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी हा गोळा नको. मीठ खूप असल्यामुळे मुलाने तो खाऊ नये, आणि घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. एवढं मीठ कुत्र्याला घातक ठरतं.

आता गोळ्याचं काय करायचं? साचे सुरुवातीला देऊ नका. साचा दाबला की आकार मिळतो, बोटांना काम उरत नाही. पहिला आठवडा फक्त हात. दोन्ही तळव्यांमध्ये पुढे-मागे फिरवून साप करायचा, मग तळवे गोल फिरवून गोळी करायची. गोळी सापापेक्षा अवघड असते, कारण दोन्ही हातांना वेगवेगळ्या दिशेने फिरावं लागतं. मग चिमटीने सापाचे छोटे तुकडे तोडायचे. दोन चिमट्या काढल्या की पक्ष्याची चोच होते, चार काढल्या की टेबलाचे पाय. लिहिण्याची खरी तयारी इथे होते, ठिपके जोडायच्या वह्यांमध्ये नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

याच सापावर कात्री पहिल्यांदा वापरायला द्या. कागद हलतो, वाकतो, निसटतो. साप जागेवर राहतो आणि कापल्याचं हाताला कळतं. नंतर जाड कागदाच्या २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, ज्या एका कचक्यात तुटतात. मग ५-६ सेंटिमीटर रुंद पट्ट्या, म्हणजे कात्री उघडून पुढे सरकवून पुन्हा मिटावी लागते. मग जाड स्केचपेनने काढलेली सरळ रेघ, आणि सगळ्यात शेवटी वळण. बहुतेक मुलांना सरळ रेघेवर कापणं चौथ्या वर्षाच्या आसपास जमतं, गोल त्यानंतर. पातळ कागद सोपा वाटतो, पण तो पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल वैतागतं. जुनी शुभेच्छापत्रं किंवा खोक्याचा पातळ पुठ्ठा उत्तम.

अंगठा वर असायला हवा. मुलं हात उलटा करून कोपर बाहेर काढतात, तेव्हा कात्री चालत नाही. अंगठ्याच्या नखावर छोटा स्टिकर लावा आणि सांगा, ‘स्टिकर तुला दिसत राहिला पाहिजे.’ डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताचीच कात्री आणून द्या. साधी कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघ झाकतं आणि दाबताना पाती एकमेकांपासून दूर जातात. अशी मुलं ‘कापता येत नाही’ म्हणून कात्री बाजूला ठेवतात, आणि दोष खरं तर कात्रीचा असतो.

आकड्यांची वाट

‘आमच्या मुलाला वीसपर्यंत येतं’ हे ऐकून आनंद व्हावाच, पण एकदा वीस बुचं समोर ठेवून म्हणा, ‘मला तीन दे.’ पुष्कळ मुलं मूठभर उचलून देतात. मानसशास्त्रज्ञ कॅरन विन यांनी १९९० साली याच साध्या मागणीच्या आधारे दाखवलं की आकडे म्हणता येणं आणि आकड्याचा अर्थ कळणं यात बरंच अंतर आहे. मूल आधी ‘एक’ बरोबर देतं, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’; त्यानंतर कधीतरी त्याला एकदम उमगतं की मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच ‘किती’.

म्हणून मोजून झालं की दर वेळी एक वाक्य जोडा: ‘एक, दोन, तीन, चार. चार बुचं.’ आणि मग बुचं पसरून विचारा, ‘आता किती?’ मूल पुन्हा मोजायला लागलं तर मोजू द्या. मोजताना एकच वस्तू दोनदा मोजली जात असेल किंवा एखादी सुटत असेल तर वस्तू एका ओळीत लावा आणि मोजलेली वस्तू वाटीत टाकायला सांगा. गोलात ठेवलेल्या वस्तू मोजायला सगळ्यात कठीण, कारण सुरुवात कुठून केली हे लक्षात ठेवावं लागतं.

घरी बनवण्यासारखा एक खेळ मला इतर सगळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. ६० सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी घ्या. डाव्या टोकाला ‘सुरुवात’, उजव्या टोकाला ‘शेवट’, आणि मध्ये ५ सेंटिमीटरची दहा सारखी घरं, डावीकडून उजवीकडे १ ते १०. दोन सोंगट्या. फाशाऐवजी एक नाणं: छापा पडला तर एक घर, काटा पडला तर दोन. पुढे सरकताना ज्या घरावर सोंगटी टेकते त्याचा आकडा मोठ्याने म्हणायचा. बस्स, एवढाच खेळ.

रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलं जवळपास असाच खेळ खेळली. नाण्याऐवजी १ आणि २ आकडे असलेली फिरकी होती, आणि दोन आठवड्यांत साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका झाल्या. मुलं आकडे ओळखण्यात, मोजण्यात आणि ‘मोठा कोणता’ हे सांगण्यात पुढे गेली. नऊ आठवड्यांनंतरही तो फरक टिकून होता. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांमध्ये तो दिसला नाही. घरं सरळ रेषेत आणि सारख्या मापाची असल्यामुळे आठ हे तीनपेक्षा लांब आहे, तिथे पोचायला जास्त वेळ लागतो आणि जास्त आकडे म्हणावे लागतात, हे हाताला, डोळ्यांना आणि कानांना एकाच वेळी कळतं. म्हणून घरं ओबडधोबड आखू नका आणि हौसेने वळणावळणाची वाटही काढू नका.

यात एक चूक हमखास होते. सोंगटी चारवर आहे, दोन घरं जायचंय, तर मूल ‘एक, दोन’ म्हणत सरकतं. तसं नको, ‘पाच, सहा’ म्हणायला हवं. दुसरी चूक म्हणजे उभं असलेलं घरच ‘एक’ म्हणून मोजणं. सोंगटी सरकवण्याऐवजी उचलून उडी मारायला सांगितलं की ती बहुधा सुटते. दोन आठवड्यांनी वाट उलटी खेळा, दहाकडून एककडे.

दहाच्या पुढे जायची घाई नको, आणि मराठीत तर मुळीच नको. दहापर्यंतचे शब्द छोटे, पण अकरा, बारा, तेरा ऐकून त्यात ‘दहा आणि एक, दहा आणि दोन’ दडलंय असं कुठल्याच मुलाला कळणार नाही. एकोणीस तर ‘विसाला एक कमी’ असं सांगतो, म्हणजे अजून न आलेल्या आकड्याचं नाव आधीच घेतो. शंभरपर्यंतचे शब्द जवळजवळ सुटे पाठ करावे लागतात. त्या पाठांतरापेक्षा दहाच्या आतलं पक्कं करणं फार मोठं काम आहे: पाचात दोन आणि तीन दिसणं, सातापेक्षा आठ एकने जास्त हे न मोजता सांगणं.

आवाजांचे खेळ

अक्षर दाखवण्याआधी अक्षर ऐकू आलं पाहिजे. टाळ्यांनी सुरुवात करा: बा-हु-ली, तीन टाळ्या. घर, दोन. खिडकी, तीन. कात्री म्हणताना दोनच टाळ्या येतात, कात्-री. इथे जोडाक्षर समजावत बसू नका, टाळी बरोबर पडली की झालं. मग मुलाचं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव. ‘कोणाचं नाव सगळ्यात लांब?’ हा प्रश्न मुलांना फार आवडतो.

त्यानंतर पहिला आवाज. टोपलीत चार वस्तू ठेवा आणि म्हणा, ‘मला म ने सुरू होणारी वस्तू दे.’ पहिल्या दिवशी फक्त दोन आवाज ठेवा आणि ते एकमेकांपासून लांबचे हवेत. म आणि स चालतील. प-फ, ट-ठ, स-श एकत्र नकोत. मराठीत आणखी एक मेख आहे. कप, कात्री, कुलूप हे तिन्ही आपल्याला ‘क’चे शब्द वाटतात, कारण आपल्याला लिहिता येतं. मुलाला ऐकू येतात ते क, का आणि कु असे तीन वेगळे आवाज. त्यामुळे आधी कप, कमळ, करवत असे सारख्याच अक्षराचे शब्द घ्या. ते सहज जमायला लागले की कात्री आणि कुलूप टोपलीत आणा. मूल ‘कात्री का ने सुरू होते’ म्हणालं तर ते अगदी बरोबर आहे, त्याला चूक म्हणू नका.

गोष्टीचं पुस्तक वाचताना पहिल्या वाचनात थांबू नका, गोष्ट पूर्ण होऊ द्या. प्रश्न दुसऱ्या वाचनापासून. मूल ‘कुत्रा’ म्हणालं तर ‘हो, भिजलेला कुत्रा’ एवढी एका-दोन शब्दांची भर घाला आणि त्याला ते पुन्हा म्हणायची संधी द्या. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा संवादी वाचनाचा परिणाम मुलांच्या बोलण्यावर होतो हे दाखवलं होतं. प्रश्न विचारून झाल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. उत्तर येतंच, आपणच थांबत नाही. पानागणिक प्रश्न मात्र नकोत, दोन-तीन पुरेत.

बुडेल की तरंगेल

टबमध्ये हातभर रुंद जागेत १० सेंटिमीटर पाणी आणि आठ-दहा वस्तू. प्रत्येक वस्तू पाण्यात टाकण्याआधी मुलाने अंदाज सांगायचा आणि वस्तू त्या बाजूला ठेवायची. अंदाज आधी घेतला नाही तर उरतं फक्त डुबुक डुबुक. वस्तू निवडताना ‘जड ते बुडतं’ हा समज मोडेल अशा जोड्या घ्या: जड लाकडी ठोकळा तरंगतो, हलकी किल्ली बुडते. मग विकतच्या तेलकट क्लेचा गोळा टाका, तो बुडेल. त्याच क्लेची पातळ, उंच काठाची वाटी करा, ती तरंगेल. इथे घरी शिजवलेला गोळा चालत नाही, पाण्यात तो बुळबुळीत होऊन विरघळतो. क्लेची वाटी बुडत असेल तर तळ जाड आहे किंवा काठ बुटके आहेत. ‘का’चं उत्तर या वयात देऊ नका, आणखी एक होडी करू द्या.

शरीर हलवायचे खेळ

संगीत थांबलं की पुतळा व्हायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पंधरा दिवसांनी नियम उलटा करा: वेगाचं संगीत लागलं की हळू चालायचं, संथ लागलं की भरभर. मनात येईल ते लगेच न करता थांबायची सवय यातून लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी, आणि बसून स्क्रीन बघणं तासाभरापेक्षा जास्त नको असं म्हटलं आहे. वर सांगितलेले बैठे खेळ या हालचालीच्या जागी नाहीत, तिच्या जोडीला आहेत.

सामान निवडताना

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बुचं, मणी, नाणी त्याच्या हाती लागता कामा नयेत. इतक्या लहान मुलांच्या खेळण्यांचे तुकडे ज्या नळकांड्यात घालून तपासतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. घरी टॉयलेट पेपरच्या रोलची रिकामी नळी वापरा. ती थोडी मोठी असल्याने उलट बरंच. तिच्यातून जे आरपार जातं ते वर उचलून ठेवायचं. पाण्यात फुगणारे जेलचे रंगीत मणी घरात आणूच नका, पोटात गेले तर आत फुगून आतडं बंद करतात. गोल चपट्या बटण सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं बाद. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच भाजून इजा करू शकतो.

सगळे खेळ एकदम समोर ठेवायचे नाहीत. तीन-चार ट्रे किंवा डबे मुलाच्या हाताला येतील अशा खालच्या फळीवर, बाकी वर. प्रत्येक डब्यावर आत काय आहे त्याचं चित्र चिकटवा, म्हणजे आवरताना विचारावं लागत नाही. एखाद्या डब्याकडे आठवडाभर कोणी बघितलं नाही तर तो वर जातो आणि वरचा एक खाली येतो. दोन-तीन आठवड्यांनी तोच डबा परत काढाल तेव्हा त्यात एक बदल करून ठेवा: जगाच्या जागी नरसाळं आणि बाटली, किंवा वाटेवरच्या १ ते १० आकड्यांच्या जागी ठिपके.